वीस तारीख, ओटीपी आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस : छोट्या कर-ऑफिससाठी परीक्षण

जळगावच्या नवी पेठेत, धुळ्याच्या आग्रा रोडला किंवा शहाद्याच्या एखाद्या कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर दोन-तीन माणसांचं कर-ऑफिस असतं. एकजण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, एकजण कराच्या सरकारी पोर्टलवर, आणि ज्यांच्या नावाची पाटी बाहेर लागलीय ते ‘वकील साहेब’ फोनवर. दाणाबाजारातले आडते, धरणगाव-बोदवडकडचे जिनिंगवाले, सराफ, किराणावाले, सगळ्यांची बिलं एकाच वाटेनं येतात : फोटो काढून, व्हॉट्सअ‍ॅपवर, दुकान वाढवल्यावर. म्हणजे रात्री साडेनऊच्या पुढे. यावल-रावेरचे केळीवाले त्यातल्या त्यात बरे. ताज्या केळीला जीएसटी नाही, त्यामुळे त्यांची घाई आयकराच्या दिवसांत.

अशा ऑफिसात माणूस कामाच्या ढिगानं दमतो त्याहून जास्त कामाला शेवट नसल्यानं दमतो. ढीग उपसता येतो. पण जेवताना, पोराचा अभ्यास घेताना, लग्नाच्या पंगतीत बसल्यावरही खिशातून टुंग वाजत राहिलं, तर घरी आलेला माणूस घरी आलेलाच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, तेव्हा त्याला आजार न म्हणता कामाशी जोडलेली स्थिती म्हटलं आणि तीन खुणा सांगितल्या : अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि हातून काम नीट होत नाही असं वाटणं. कर-ऑफिसात बहुधा दुसरी खूण आधी दिसते. पार्टीचं, म्हणजे ज्याचं काम ऑफिस करतं त्याचं, नाव स्क्रीनवर आलं की कपाळाला आठी पडते, आणि ज्याच्या फीवर ऑफिस चालतं त्याच्याशीच तुटक बोललं जातं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे फुकटचं अ‍ॅप २०१८ च्या जानेवारीत आलं. मोबाईलच्या दुकानात ते धंदा वाढवायचं अ‍ॅप म्हणून सांगितलं जातं. कर-ऑफिसला त्याचा खरा उपयोग शटर ओढायला होतो. अवे मेसेज (ऑफिस बंद असताना आपोआप जाणारं उत्तर), लेबल (चॅटला लावायची खूण) आणि क्विक रिप्लाय (साठवून ठेवलेलं तयार उत्तर) ही तीन हत्यारं त्यात कामाची आहेत; बाकीचं सोडून दिलं तरी काही बिघडत नाही.

सगळ्यात आधी नंबर ठरवा, कारण तिथे चुकलं की पुढचं सगळं लंगडं होतं. एक नंबर एका वेळी एकाच अ‍ॅपवर चालतो : साध्या व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा बिझनेसवर. साहेबांच्या घरच्या नंबरवरच बिझनेस चढवलं तर बहिणीचा मेसेज आणि सरकीची बिलं एकाच रांगेत येतात, आणि संध्याकाळी सातनंतर मामेभावालाही ‘कार्यालय बंद आहे’ असं उत्तर जातं. ऑफिससाठी वेगळं सिम घ्या. दोन्ही अ‍ॅप एकाच फोनवर वेगवेगळ्या नंबरांनी चालतात, पण आपली शिफारस वेगळ्या फोनचीच आहे. गोलाणी मार्केटमध्ये मिळणारा साधा वापरलेला अँड्रॉइड फोन पुरतो. बॅटरी तेवढी बघून घ्यावी. हा फोन ऑफिसात राहतो, खिशात घरी जात नाही. खर्च म्हणाल तर हाच.

ऑफिसात लँडलाइन अजून जिवंत असेल तर त्याहून चांगलं. व्हिजिटिंग कार्डावरचा जुना नंबरच व्हॉट्सअ‍ॅपचा होतो आणि पार्टीला नवा नंबर पाठ करावा लागत नाही. नोंदणी करताना देश भारत निवडायचा आणि एसटीडी कोडमधला सुरुवातीचा शून्य गाळायचा. म्हणजे जळगावचा ०२५७ तिथे २५७ होतो, धुळ्याचा ०२५६२ तिथे २५६२. अ‍ॅप आधी एसएमएसनं कोड पाठवतं. तो लँडलाइनवर येणार नाहीच, तरी थांबायचं; उलटी मोजणी संपली की फोन करून कोड सांगण्याचा पर्याय उघडतो, तो दाबायचा. रिसीव्हर उचलला की सहा आकडी कोड बोलून दाखवला जातो, तेव्हा कागद-पेन हाताशी असू द्या. फोन थेट माणसानं उचलला पाहिजे. मधे ‘हिंदीसाठी एक दाबा’ असली यंत्रणा किंवा एक्स्टेन्शन असेल तर कोड त्यातच विरतो.

लँडलाइनच्या या वाटेवर एक खड्डा आहे. अशा फोनमध्ये बहुतेकजण सिम घालत नाहीत, तो ऑफिसच्या वायफायवर चालतो. रात्री लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की फोन आंधळा. अवे मेसेज फोनला इंटरनेट असेल तरच जातो, हे अ‍ॅपच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं. भारनियमनाच्या दिवसांत नेमक्या ज्या रात्री पार्टी अस्वस्थ असते, त्याच रात्री तिला उत्तर जात नाही. उपाय दोन : फोनमध्ये कुठलंही डेटावालं सिम घालून ठेवायचं, किंवा राउटरला छोटा यूपीएस लावायचा. तो हजार-दीड हजारात येतो. घेताना राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून न्या. बरेच राउटर १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत.

आणि उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. पत्र्याखालच्या बंद ऑफिसात रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगते, मागचं झाकण उचललं जातं. फोन खिडकीपासून लांब, भिंतीच्या सावलीत ठेवा. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय फोनमध्ये असेल तर ती चालू करा, नसेल तर साधा टायमरवाला प्लग लावा.

आता अवे मेसेज. आधी बिझनेस प्रोफाइलमध्ये कामाचे दिवस आणि वेळा भरा, मग बिझनेस टूल्समध्ये जाऊन अवे मेसेज चालू करा. तिथे वेळेचे तीन पर्याय येतात : नेहमी पाठवा, ठरावीक काळात पाठवा, कामाच्या वेळेबाहेर पाठवा. रोजच्यासाठी तिसरा. खाली ‘कोणाला’ असं विचारतं, आणि बरीच ऑफिसं इथे घसरतात. ‘अ‍ॅड्रेस बुकमध्ये नसलेल्यांना’ हा पर्याय निवडला तर रोजच्या पार्ट्यांना काहीच जात नाही, कारण त्या सगळ्या ‘अमुक ट्रेडर्स’ म्हणून सेव्ह असतात. अनोळखी माणसाला तेवढं उत्तर मिळतं. ‘सगळ्यांना’ ठेवा.

मजकूर लिहिताना जरा थांबा. ‘आपल्या संदेशाबद्दल धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क साधू’ असं पाठवलं तर पार्टी दहा मिनिटांत पुन्हा विचारते, कारण तिला हवी असलेली एकही गोष्ट त्यात नाही. तिला तीन गोष्टी कळायला हव्यात : मेसेज पोहोचला का, कधी बघणार, आणि खरंच आग लागली असेल तर काय करायचं. साधारण असा मजकूर चालतो :

‘ऑफिस संध्याकाळी ७ ला बंद झालं. तुमचा मेसेज पोहोचला, उद्या सकाळी १०.३० नंतर बघू. विक्रीची बिलं ५ तारखेपर्यंत आणि खरेदीची १२ पर्यंत आली तर रिटर्न मुदतीत जातं. गाडी रस्त्यात अडवली असेल किंवा अधिकारी दुकानात आले असतील तर मेसेज न करता (साहेबांचा नंबर) वर फोन करा.’

शेवटचं वाक्य गाळू नका. कापसाच्या गाठींची गाडी ई-वे बिलातल्या (मालासोबतच्या वाहतुकीच्या कागदातल्या) चुकीमुळे रात्री अडकली, तर ते काम सकाळपर्यंत थांबत नाही. अशा वेळेसाठी एक फोन नंबर असला की बाकीचं सगळं बिनधास्त थांबवता येतं. हा नंबर मात्र साहेबांनी उचलायचा, आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप नसलेलं बरं.

हे सगळं नीट लावूनही एक गोष्ट मोडते, आणि ती अ‍ॅपमध्ये नसते. रात्री ९.४२ ला चौदा फोटो येतात. ९.४२ लाच अवे मेसेज जातो. ९.४७ ला पार्टी लिहिते, ‘साहेब, मन्हं काम व्हयनं का?’ (माझं काम झालं का?) आणि ९.४९ ला साहेब घरून, लॅपटॉपवर जोडलेल्या व्हॉट्सअ‍ॅपवरून, ‘हो भाऊ, करतो’ असं टाइप करतात. संपलं. पार्टीला कळलं की वरचा मेसेज मशीनचा होता, माणूस जागा आहे. दुसऱ्या दिवशी ही बातमी दुकानाच्या ओट्यावर पोहोचते आणि आणखी चारजण दहा वाजता बिलं पाठवायला लागतात. म्हणून घरच्या लॅपटॉपवर हा नंबर जोडूच नये. जोडला असेल तर ऑफिसच्या फोनवर लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन आजच काढा.

ग्रुपमध्ये अवे मेसेज जात नाही. ‘अमुक ट्रेडर्स अकाउंट्स’ असा पार्टीचा मालक, त्याचा मुलगा आणि मुनीम असलेला ग्रुप असेल तर त्याला वेळेचं बंधन लागणार नाही. पार्टीमागे ग्रुप काढायची पद्धत शक्यतो बंद करा. बंद होत नसेल तर ग्रुपच्या वर्णनात वेळ लिहा, ग्रुप म्यूट करा आणि दिवसातून दोनदा स्वतः उघडा. व्हॉट्सअ‍ॅप कॉललाही अवे मेसेजचा उपयोग नाही. त्यासाठी फोनचा डू नॉट डिस्टर्ब संध्याकाळी सात ते सकाळी साडेदहा आपोआप चालू होईल असा लावा.

सणाच्या सुट्ट्यांना दुसरा पर्याय, ‘ठरावीक काळात’. खान्देशात याची गरज दिवाळीपुरती नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही इथली देवी घरोघर बसते, सोमवारी विसर्जन. त्या सोमवारी ऑफिसात टॅलीवर बसायला कोण येणार? आखाजीलाही (अक्षय्य तृतीयेला) तेच. शनिवारी दुपारी निघताना सुरुवातीची आणि शेवटची तारीख-वेळ टाका, मजकूर बदला. पण परत आल्यावर पर्याय पुन्हा ‘कामाच्या वेळेबाहेर’ वर आणायला विसरू नका. हे तीन पर्याय एका वेळी एकच चालतात. ठरावीक काळ संपला की अवे मेसेज जुन्या वेळापत्रकावर आपणहून परतत नाही, आणि महिनाभर कोणाच्या लक्षातही येत नाही की रात्री काहीच जात नाही. ऑफिसच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर परतायच्या दिवशी ‘अवे’ एवढं लिहिलं तरी पुरतं.

ग्रीटिंग मेसेज माणूस पहिल्यांदा लिहितो तेव्हा किंवा १४ दिवस काही बोलणं झालं नसेल तर जातो. तिमाही रिटर्नवाल्या पार्ट्या दोन-दोन महिने गप्प असतात, त्यांना दरवेळी ‘आमच्या कार्यालयात आपलं स्वागत’ गेलं की हसू होतं. पंधरा वर्षं जुन्या आडत्याला कशाला स्वागत? इथे मात्र ‘अ‍ॅड्रेस बुकमध्ये नसलेल्यांना’ हाच पर्याय बरोबर. मजकुरात नव्या नोंदणीला लागणारे कागद लिहा आणि सोडून द्या.

क्विक रिप्लाय ५० पर्यंत साठवता येतात. आठ-दहापेक्षा जास्त ठेवले तर कुठला शॉर्टकट कशाचा हेच आठवत नाही. चॅटमध्ये तिरकी रेघ टाकली की यादी उघडते. कर-ऑफिसला खरोखर लागतात ते असे : महिन्याचे कागद, बँक स्टेटमेंट कुठल्या स्वरूपात हवं, ओटीपीची वेळ, चलनाची रक्कम आणि भरायची शेवटची तारीख, फीचा यूपीआय, आणि ‘रिटर्न भरलं, पावती सोबत’. स्टेटमेंटचा मजकूर नेमका हवा : ‘बँक स्टेटमेंट पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये पाठवा, पासबुकचे फोटो नको.’ एवढ्या एका ओळीनं टॅलीवर बसणाऱ्याचा अख्खा दिवस वाचतो. या मजकुरांत महिन्याचं नाव घालू नका. नोव्हेंबरमध्ये ‘ऑक्टोबरची बिलं’ लिहिलेलं डिसेंबरमध्ये तसंच जातं आणि पार्टी इमानदारीनं ऑक्टोबरची बिलं परत पाठवते.

लेबल हा या अ‍ॅपचा सगळ्यात मोलाचा भाग, आणि ऑफिसात सगळ्यात आधी तोच टाकून दिला जातो. २० पर्यंत लेबलं करता येतात. ‘न्यू कस्टमर’, ‘न्यू ऑर्डर’ वगैरे आयती येतात ती दुकानासाठी, ती पुसा. कर-ऑफिसची सहा पुरतात : बिलं बाकी, बिलं आली, प्रश्न काढला, ओटीपी बाकी, भरलं, फी बाकी. लेबल पार्टीला दिसत नाही, तेव्हा ‘फी बाकी’ बिनघोर लावा.

लेबलांचा फायदा समजायला महिन्याचा आराखडा डोळ्यांसमोर हवा. ७ ला टीडीएस भरणा. ११ ला मासिकवाल्यांचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न. १३ ला तिमाहीवाल्यांचं आयएफएफ (तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची विक्रीची बिलं), आणि तिमाही संपली असेल तर त्यांचं जीएसटीआर-१. १४ ला टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून बनणारी खरेदीची यादी, तयार होतं. २० ला मासिक थ्री-बी, म्हणजे कर भरायचं जीएसटीआर-३बी रिटर्न. तिमाहीवाल्यांचं थ्री-बी आपल्या महाराष्ट्रात २२ ला. डोक्यावर ताण येतो तो एवढ्या पार्ट्यांपैकी कोणाचं काय अडलंय हे आठवत बसण्याचा. रात्री अंथरुणात आठवतं की त्या पाचोऱ्याच्या पार्टीचं खरेदीचं एक बिल टू-बीत दिसत नव्हतं, पुरवठादारानं भरलंच नसावं. मग झोप गेली. ‘प्रश्न काढला’ हे लेबल त्यासाठी. चॅटला लावायचंच, शिवाय नेमक्या त्या बिलाच्या मेसेजलाही लावता येतं; मग चारशे फोटोंतून ते शोधावं लागत नाही.

लेबल मात्र आपोआप बदलत नाही. बिलं आली की ‘बिलं बाकी’ काढून ‘बिलं आली’ हातानं लावावं लागतं. दोन दिवस आळस केला की यादी खोटी होते, आणि खोट्या यादीपेक्षा यादी नसलेली बरी. एकाच माणसाकडे हे काम द्या, सकाळी पहिली वीस मिनिटं. २२ तारखेनंतर ‘भरलं’ उघडून सगळ्या चॅट एकदम निवडायच्या, ते लेबल काढायचं आणि ‘बिलं बाकी’ लावायचं. नवा महिना सुरू.

ओटीपीकडे वेगळं बघायला हवं, कारण वीस तारखेचा निम्मा गोंधळ त्याचाच. ईव्हीसीनं (सहीऐवजी ओटीपी वापरून) रिटर्न भरायचं तर कोड सही करणाऱ्याच्या मोबाईलवर आणि ईमेलवर जातो. सही करणारा त्या वेळी जिनिंगच्या काट्यावर असतो, फोन मुनीमाकडे, आणि कोडची मुदत काही मिनिटांची. मग पुन्हा कोड, पुन्हा फोन. एकेका पार्टीमागे अर्धा तास जातो आणि रात्री अकराला पोर्टल दमलेलं असतं. उशीर झाला तर रोजचे ५० रुपये विलंब शुल्क, निरंक रिटर्न असेल तर २० रुपये. रक्कम मोठी नाही, पण पार्टी ती साहेबांच्या नावावर टाकते. यावर उपाय म्हणजे ओटीपीला स्वतःचा तास देणं. १६ ते १९ या तारखांना दुपारी ४ ते ५. आदल्या दिवशी ‘ओटीपी बाकी’ लेबल उघडायचं आणि प्रत्येकाला क्विक रिप्लाय टाकायचा : ‘उद्या ४.२० ला जीएसटीचा ओटीपी येईल. फोन जवळ ठेवा. भरायची रक्कम वर दिली आहे, ती बघून मगच कोड सांगा.’ दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं सहा पार्ट्या एका तासात होतात. हजर नसेल ती दुसऱ्या दिवसाच्या रांगेत. कोड ग्रुपवर मागायचा नाही, आणि कोण मागतंय हे पार्टीला आवाजावरून ओळखता यावं, म्हणून फोनवर मागितलेला चांगला.

११ तारखेनंतर आलेल्या विक्रीच्या बिलाचंही असंच. ते आता जीएसटीआर-१ए मध्ये (जीएसटीआर-१ च्या दुरुस्तीत) घालावं लागेल किंवा पुढच्या महिन्यात, हे पार्टीला क्विक रिप्लायनं सांगा. रागानं नको. दोन-तीन महिने एकसारखं उत्तर गेलं की बिलं पाचच्या आत यायला लागतात.

ऑफिसच्या आत फोन कसा ठेवायचा, हेही तितकंच महत्त्वाचं. टू-बीची जुळणी करताना दर दोन मिनिटांनी पडद्यावर कोपऱ्यात चौकोन उगवला तर एक आकडा दोनदा धरला जातो आणि तो शोधायला तास जातो. ऑफिसच्या फोनचा आवाज बंद, संगणकावरच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या सूचना बंद, आणि तीन ठरलेल्या वेळा : साडेदहा, अडीच, साडेपाच. दरवेळी पंचवीस-तीस मिनिटं. आधी सगळे मेसेज वाचून लेबल लावायचं, मग उत्तरं. आलेल्या क्रमानं उत्तर देत बसलं की शेवटच्या दहा पार्ट्या तशाच राहतात आणि पहिल्याचं उत्तराला उत्तर आलेलं असतं. दीड ते अडीच जेवण, फोन दुसऱ्या खोलीत. डबा टेबलावर उघडून एका हातानं भाकरी आणि दुसऱ्या हातानं स्क्रोल, हे जेवण नव्हे.

एका नंबरवर मुख्य फोनशिवाय चार साधनं जोडता येतात, म्हणजे दोन्ही संगणक आणि वर दोन. मुख्य फोन बंद असला तरी ती चालतात, पण तो १४ दिवस वापरलाच नाही तर सगळी सुटतात. अडचण अशी की उत्तर कोणी दिलं हे दिसत नाही. मॅडम सांगतात ‘स्टेटमेंट मिळालं’, शेजारचा मुलगा तासाभरानं तेच पुन्हा मागतो. मेसेजच्या शेवटी नावाचं पहिलं अक्षर टाकायची सवय लावली की हा घोळ मिटतो, पैसे लागत नाहीत.

फोटोबद्दल पार्ट्यांना एकदाच नीट शिकवा : बिल फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. फोटो पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप तो दाबतं, थर्मल पावतीवरचा जीएसटी नंबर पुसट होतो, ३ चा ८ वाचला जातो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, नाहीतर पार्ट्यांचे आधार आणि पॅन फोनच्या गॅलरीत लग्नाच्या फोटोंसारखे पसरतात. अँड्रॉइडवर चॅटचा बॅकअप गुगल खात्याच्या १५ जीबीत धरला जातो, आणि बिलांच्या फोटोंनी ती जागा हां हां म्हणता भरते. बॅकअपमधून व्हिडिओ वगळा, दर महिन्याच्या २३-२४ ला फायली पार्टीच्या नावाच्या फोल्डरमध्ये संगणकावर उतरवा, मग मॅनेज स्टोरेजमधून मोठ्या फायली काढा. व्हॉट्सअ‍ॅपला कपाट समजणारी ऑफिसं नोटीस आल्यावर दोन वर्षांपूर्वीचं बिल शोधत रात्र काढतात.

अ‍ॅपमधला कॅटलॉग, म्हणजे मालाची चित्रं मांडायची सोय, सराफाला, साडीवाल्याला उपयोगी. कर-ऑफिसनं त्यात ‘जीएसटी नोंदणी’चं चित्र टाकून काही साधत नाही. ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज अनेकांना सुटासुटा पाठवायची सोय) २५६ जण घेता येतात, पण ज्यांनी ऑफिसचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. तारखेची आठवण द्यायला महिन्यातून दोनदा वापरा, ३ आणि १० ला. सुविचार आणि सणांच्या शुभेच्छा त्याच यादीतून सुटल्या की लोक म्यूट करतात आणि आठवणही त्याबरोबर म्यूट होते.

साध्या व्हॉट्सअ‍ॅपवरून बिझनेसवर यायच्या आधी बॅकअप घ्या. येताना चॅट सोबत येतात. परत जाताना येतील अशा भरवशावर राहू नका. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन पहिल्याच दिवशी लावा आणि तो साहेबांकडे राहू द्या, फोनच्या कव्हरवर चिकटवून नको. कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी लिंक्ड डिव्हायसेस उघडून त्याचं साधन काढा. आणि ‘चलन’, ‘नोटीस’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावाची एपीके (फोनवर अ‍ॅप बसवणारी) फाइल पार्टीच्या नंबरवरून आली तरी या फोनवर उघडू नका. पार्टीचाच फोन हॅक झालेला असू शकतो. तिला साध्या फोननं कळवा.